चोरूणाआधीचे केळे : केरळातील शिशुआहाराची एक अलिखित परंपरा

मलयाळममधील 'कुरुक्क्' हे नाम 'कुरुक्कुक' म्हणजे आटवणे, दाट करणे या क्रियापदापासून आलेले आहे. तान्ह्या मुलाला दुधानंतर मिळणारे पहिले दाटसर अन्न असा त्याचा रूढ अर्थ. मराठीत त्यासाठी 'पेज' म्हणावे तर तांदूळ आठवतो, 'खीर' म्हणावे तर दूध आणि सण. 'केळ्याची लापशी' हा त्यातल्या त्यात जवळचा, परंतु ओढूनताणून केलेला पर्याय. अडचण केळ्याच्या नावातही आहे. मराठी एकाच 'केळे' या नामाला कच्चे-पिके अशी विशेषणे जोडते. मलयाळममध्ये नामच बदलते. कच्चे ते 'काया', पिकलेले ते 'पळम'. कुरुक्क् होते ते कायाचे, त्यातही कुन्नन या जातीच्या. कुन्नन न मिळाल्यास नेंद्रन वापरतात. मराठी मुलखात नेंद्रनला जवळची जात म्हणजे राजेळी. मात्र वसईकडे पिकलेली राजेळी सुकवून सुकेळी करतात आणि ती मोठ्यांचा खाऊ असते. केरळात फळ पिकण्याआधीच उन्हात जाते, ही भिन्नता केवळ पाककृतीची नव्हे.

कृती वरवर साधी, परंतु कष्टाची आहे. पूर्ण भरलेली, तरीही हिरवी केळी सोलून त्यांच्या पातळ चकत्या करतात आणि स्वच्छ कापडावर कडक उन्हात वाळवतात. चकती वाकवताच कटकन मोडली पाहिजे. ओल राहिली तर पिठाला बुरशी धरते. नंतर कुटून वा दळून पीठ वस्त्रगाळ करावयाचे आणि कोरड्या, झाकणबंद भांड्यात ठेवावयाचे. ऐनवेळी चमचा-दोन चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवतात, कारण गरम पाण्यात टाकताच त्याच्या गुठळ्या होतात. ते गाळून, ताडगूळ किंवा खडीसाखर घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवतात. कच्चा पांढुरका रंग जाऊन पिठाला चकाकी आली की ते उतरवतात. ही चकाकी म्हणजे पिष्ठ शिजल्याची खूण. कच्च्या केळ्यातील पिष्ठ न शिजवता सहजी पचत नाही, हे रसायनशास्त्राने नंतर सांगितले. ढवळणाऱ्या हाताला ते रंगावरून कळत होते.

या अन्नाचे विधीशी असलेले नाते अधिक लक्षणीय आहे. अन्नप्राशनाला मलयाळममध्ये 'चोरूण' म्हणतात. 'चोर्' म्हणजे शिजवलेला भात आणि 'ऊण' म्हणजे जेवण. मराठीतील 'उष्टावण' कृतीला नाव देते, 'चोरूण' पदार्थाला. संस्कार भाताचा असल्याने त्याआधी दिलेले कुरुक्क् त्या संस्काराचा भंग करीत नाही, असा एक अर्थ येथे निघू शकतो. मनुस्मृती सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगते. काश्यपसंहितेत मात्र सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्यात अन्नप्राशन असे दोन टप्पे आहेत. फळ आणि अन्न यांतील हा भेद मराठी वाचकाला उपवासाच्या ताटावरून परिचित आहेच. केरळातील प्रथा काश्यपसंहितेतून उतरली, असे म्हणण्यास यातून आधार मिळत नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी असलेली वर्गवारी सारखी आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

लिखित नोंदींकडे वळले की वेगळाच प्रश्न उभा राहतो. हेंड्रिक व्हान ऱ्हीड याच्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाचा पहिला खंड 1678 मध्ये आम्सटरडॅमहून निघाला. त्यात केळ 'बाळा' या नावाने, म्हणजे मलयाळम 'वाळ'च्या लॅटिन लेखनाने, आली आहे. इट्टी अच्युतन या वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी ब्राह्मणांनी या कामी साहाय्य केले. त्या तिघांचे 1675 चे कोकणी प्रशस्तिपत्र ग्रंथात नागरी लिपीत छापलेले आहे. मराठी अभ्यासकांचे लक्ष साहजिकच या लिपीकडे जाते. परंतु ज्यांच्या नावांनिशी साक्षी छापल्या ते सर्व पुरुष आहेत, याकडेही ते जावयास हवे. वनस्पतीचे रूप आणि औषधी गुण वैद्याकडून मिळत होते. चकती किती वाळवावी, मूल तोंड फिरवू लागले तर पीठ किती पातळ करावे, हे ज्यांना ठाऊक होते त्या स्त्रियांना साक्षीदार म्हणून तेथे जागा नव्हती.

विसाव्या शतकात बालरोगतज्ज्ञांनी केळ्याची दखल घेतली, ती प्रथम चुकीच्या कारणाने. न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी 1924 मध्ये सीलिॲक रोगाच्या मुलांसाठी केळ्याचा आहार मांडला. मुले सुधारली, ती वस्तुतः गहू वर्ज्य झाल्याने. गव्हाचा दोष डच वैद्य विलेम डिके यांनी पुढे दाखवून दिला. बांगलादेशातील प्रयोग अधिक काटेकोर होता. दीर्घकाळ जुलाब असलेल्या, 5 ते 12 महिने वयाच्या 62 मुलग्यांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. भाताच्या आहारात शिजवलेले हिरवे केळे मिसळलेल्या गटातील 59 टक्के मुले तिसऱ्या दिवशी बरी झाली. नुसता भाताचा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होते.

मात्र या प्रयोगाने पिठाची योग्यता सिद्ध झाली, तरी ते कोणत्या वयात सुरू करावे याविषयीची घरोघरची रीत सिद्ध होत नाही. अनेक घरांत कुरुक्क् तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू होत आले आहे. जागतिक आरोग्य सभेने 2001 मध्ये पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस केली. भारताच्या 1992 च्या शिशुआहारविषयक कायद्यातील चार महिन्यांची मर्यादाही 2003 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांवर गेली. शिवाय केळ्यात प्रथिने आणि लोह दोन्ही तुटपुंजी. ताडगुळाच्या चवीने मूल वाटी रिकामी करते आणि पोट भरल्याने दूध कमी पिते, ही वैद्यांची तक्रार गैरलागू नाही.

आज कुन्ननचे पीठ पाकिटातूनही विकले जाते. शिशुआहार म्हणून बाजारात आणलेल्या पाकिटाला कायद्याची वयोमर्यादा आणि सूचना लागू होतात. अंगणात वाळवलेल्या पिठाला त्या लागू नाहीत. पहिला चमचा कधी द्यावयाचा हे तेथे आजही बहुधा मुलाची आजीच ठरवते.