औटकीचा हिशेब

गणिताची भीती घेऊन कुणी जन्माला येत नाही, ती घातली जाते. नवी मुंबईतल्या एका वस्तीत रात्री मोठ्या माणसांचा वर्ग घेतो, म्हणून हे ठणकावून लिहितोय. दिवसभर राबून आलेला माणूस पाटीवर आकडा दिसला की मान खाली घालतो. ‘मास्तर, आपलं डोस्कं नाय त्यात.’ हे वाक्य त्याचं नाही. ते त्याच्या तोंडी कुणी घातलं, याला इतिहास आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. हे कुळकर्ण्याचं, सावकाराचं हत्यार. आपल्या बापजाद्यांना त्या ओसरीची पायरीसुद्धा बंद. ज्याला हिशेब येत नाही, त्याच्या नावावर व्याज चढवणं सोपं. जोतीराव-सावित्रीबाईंनी हे ओळखलं. १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी बहुजनांच्या शिक्षणात वाचन-लेखनाबरोबर हिशेबही मागितला.

बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना मास्तरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं. वर्गात एकच गलका! सवर्ण पोरांचे डबे फळ्यामागं होते. विटाळ होईल म्हणून पोरं धावली, डबे हलवले, मग भीमरावाला फळा मिळाला. त्याच विद्यार्थ्यानं १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अडचण डोक्याची नव्हतीच दोस्तांनो, फळ्यापर्यंतच्या वाटेची होती.

आता आपल्या पायाखालची जमीन बघा. १९७० साली सिडको आली. ठाणे-पनवेल-उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर उठलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघरच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. रक्त सांडून मिळालेला हक्क कागदावर आला तो टक्क्यांत.

वर्गात मी टक्के शब्द काढला की सगळे गप्प. मग विचारतो, रुपयात दोन आणे म्हणजे किती? भाजी विकणारी मावशी ताडकन सांगते, ‘आठवा हिस्सा.’ मावशी, साडेबारा टक्के म्हणजे तेच! एकराचे गुंठे चाळीस, आठवा हिस्सा पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के, म्हणजे दीड गुंठा, कापला जातो. हाती उरतात साडेतीन. औट! पंतोजीची औटकी अशी मावशीच्या पदरात पडते.

तेव्हा वर्ग काढाल तर एवढं पाळा. पहिल्याच दिवशी कुणाला एकट्याला फळ्यापाशी उभं करू नका. दोघा-दोघांना बसवा. आधी तोंडी, मग पाटीवर. उत्तर चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका, ‘कसं काढलंत?’ विचारा. बाराखडीसारखी पुस्तकी बेरीज नको. पगाराची चिठ्ठी, फंडाची कपात, शेकडा दोन रुपये महिन्याचं व्याज वर्षाला चोवीस टक्के कसं होतं, ते काढायला लावा.

आणि शेवटचं गणित सांगायला विसरू नका. साडेबारा टक्के मोजले गेले ते जमिनीवर. ज्याचं नाव सातबाऱ्यावर कधी चढूच दिलं नाही, त्याचा आठवा हिस्सा किती? शून्याचा आठवा हिस्सा शून्य. हे उत्तर स्वतः काढलेला माणूस मान खाली घालत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो: मुळात शून्य का?