सर्व हक्क प्रकाशकाधीन

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती दहावीला मराठी शिकवते. ऑनलाइन शिकवण्या चालवणाऱ्या एका कंपनीने तिला प्रश्नसंच लिहून मागितले आहेत. पैसे एकरकमी मिळणार. "मावशी, घेऊ का ग काम?" म्हणाली. तिला फोनवर उत्तर देता आलं नाही, कारण मला एकदम एक आठकोनी मेज आठवलं. म्हणून हे लिहायला बसले. जरा लांबून सुरुवात करते, कंटाळू नका.

२०१४ साली मी लेकीकडे सिनसिनाटीला गेले होते. तिथून तासाभराच्या अंतरावर ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. इंग्लंडातलं नव्हे, ओहायो राज्यातलं. जावई म्हणाले, "आई, तुम्ही मास्तरीणबाई, तुम्हाला हे बघायलाच हवं." गावात मायामी विद्यापीठ आहे आणि तिथे विल्यम मॅकगफी या प्राध्यापकांचं जुनं विटांचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. आत एक गोल फिरणारं आठकोनी मेज आहे. त्याच्या कप्प्यांत मॅकगफी धड्यांची वर्गवारी करून ठेवत आणि शेजारपाजारची मुलं गोळा करून धडे त्यांना वाचायला देत. कुठला धडा कुठल्या वयाला झेपतो, ते असं ताडून बघत. मी त्या मेजापुढे बराच वेळ उभी होते.

तो काळ साधारण १८३० च्या पुढचा. ओहायोकडे वस्ती झपाट्याने वाढत होती, नव्या शाळा उघडत होत्या. पुस्तकं मात्र पूर्वेकडच्या शहरांतून डोंगर ओलांडून यायची. सिनसिनाटीच्या ट्रुमन आणि स्मिथ या छोट्या प्रकाशकांनी हे हेरलं. शहर ओहायो नदीकाठी, बोटीने माल कुठेही जाणार. त्यांना हवा होता पायरीपायरीने चढत जाणारी वाचनमाला लिहून देणारा माणूस. असं सांगतात की त्यांनी आधी कॅथरीन बीचर या शिक्षिकेला विचारलं होतं आणि तिने मॅकगफींचं नाव सुचवलं.

१८३६ साली करार झाला. विक्रीवर दहा टक्के मानधन, पण एकूण एक हजार डॉलर होईपर्यंतच. त्यानंतर सगळे हक्क प्रकाशकांचे! मॅकगफींनी सही केली. पहिलं आणि दुसरं रीडर त्याच वर्षी निघालं, तिसरं आणि चौथं १८३७ मध्ये.

सुरुवातीलाच विघ्न आलं. १८३८ मध्ये सॅम्युअल वुस्टर या बोस्टनच्या लेखकाच्या बाजूने दावा लागला, की आमच्या पुस्तकातलं साहित्य तुम्ही उचललंत. शेवटी प्रकाशकांनी पैसे भरून तडजोड केली आणि वादातले उतारे बदलले.

पुढची गंमत बघा. १८४१ मध्ये भागीदार वेगळे झाले. वाटणीच्या वेळी म्हणे स्मिथने दोन ढीग लावले. एकीकडे क्रमिक पुस्तकं, दुसरीकडे कंपनीची बाकी सगळी पुस्तकं आणि त्यांवर रोख रक्कम. ट्रुमनला म्हणाला, तू आधी निवड. ट्रुमनने रोख रकमेचा ढीग उचलला! स्मिथ मात्र क्रमिक पुस्तकांवर आयुष्यभर जगला आणि उत्तम जगला. मी विद्यार्थ्यांना सांगायचे तशी ही गोष्ट आहे, पण तिचं तात्पर्य व्यापाराचं. शाळेने पहिलीला एका मालेचं पुस्तक लावलं की दुसरी-तिसरीलाही तीच माला लागते. मुलं पुढे सरकतात, मागून नवी येतात. असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला मिळणार?

यादवी युद्ध सुरू झाल्यावर दक्षिणेकडचा बाजार तुटला. पण मागणी थांबली नाही. नॅशव्हिलमध्ये मेथडिस्ट चर्चच्या छापखान्याने तीच पुस्तकं छापली. देश दुभंगला तरी दोन्हीकडची मुलं एकच पुस्तक वाचत होती.

आणि मॅकगफी? त्यांचे हजार डॉलर कधीच संपले होते. १८४५ पासून ते व्हर्जिनिया विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत होते. प्रकाशक दर नाताळात त्यांना खारवून धुरावलेल्या डुकराच्या मांसाचं पिंप पाठवत. सिनसिनाटी त्याच मालासाठी प्रसिद्ध! युद्धानंतर त्या वेळच्या मालकांनी आपणहून त्यांना वार्षिक रक्कम सुरू केली. करारात नव्हती, तरी दिली. ती १८७३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत मिळाली.

१८७९ मध्ये पुस्तकांची मोठी सुधारित आवृत्ती निघाली. ती लेखकाने पाहिलीच नाही, तरी वर नाव मॅकगफींचंच. १८९० मध्ये चार बड्या प्रकाशकांचा क्रमिक पुस्तकांचा धंदा एकत्र होऊन अमेरिकन बुक कंपनी झाली, त्यात ही मालाही गेली. १९२० पर्यंत सुमारे १२ कोटी प्रती खपल्या असा अंदाज आहे. नफा वाटून घेणारे पाच वेळा बदलले असतील, पण नाव कुणीही बदललं नाही. कारण शिक्षकांचा आणि पालकांचा विश्वास त्या नावावर होता. खरं भांडवल तेच होतं.

आता माझी गोष्ट. १९८३ साली मी एका प्रकाशकाला मराठी व्याकरणाची सरावपुस्तिका लिहून दिली. एकरकमी आठशे रुपये मिळाले. तेव्हा घराचे हप्ते चालू होते, मला तो खजिना वाटला. पहिल्या पानावर छापलं होतं 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'. मी ते कौतुकाने वाचलं, अर्थ लावला नाही. दरवर्षी दिवाळीनंतर त्यांची डायरी यायची. पंधरा-सोळा वर्षांनी एका मुलीच्या दप्तरात तीच पुस्तिका दिसली. उदाहरणं माझी, अलंकारांच्या युक्त्याही माझ्याच. वर मात्र छापलं होतं, 'अनुभवी शिक्षकांचे मंडळ'. त्या रात्री मला झोप आली नाही. आठशे रुपयांचं दुःख नव्हतं. करार मी वाचूनच सही केली होती, आणि पुस्तिका पडून राहिली असती तर नुकसान त्यांचंच झालं असतं. पण ती उदाहरणं कुठल्या वर्गात, कुठल्या मुलांच्या चुकांमधून सुचली, ते मला माहीत होतं. तो माझा आठकोनी मेज होता.

तेव्हा भाचीबाई, काम जरूर घे. पण आधी दोन गोष्टी लिहून घे. पहिली, तुझं नाव राहील, आणि मजकूर बदलायचा झाला तर तुला विचारतील. दुसरी, मॅकगफींच्या कराराच्या अगदी उलट माग. ठरलेल्या खपापर्यंत काही नको, त्याच्या वर मात्र थोडा वाटा हवा. ते नाही म्हणतील कदाचित. पण विचारल्याने काही बिघडत नाही. मी विचारलंच नव्हतं.

असो. ती १९९९ ची डायरी अजून कपाटात आहे. कोरीच आहे. हे टिपण आधी तिच्यातच लिहिलं.