आगगाडीची ओसाड वाट

फ्रान्समध्यें १८७९ सालीं मंत्री फ्रेसिने यांच्या योजनेस कायद्याचें रूप आलें आणि लहानसहान गांवांपर्यंत आगगाडी नेण्याकरितां सुमारें ८,८०० किलोमीटरांचे नवे लोहमार्ग आंखण्यांत आले. पुढें मोटारीनें खेड्यांतल्या आगगाडीचे उतारू पळविले. विसाव्या शतकांत अनेक फांटे ओस पडले व त्यांचे रूळ उखडले गेले. परंतु रूळ गेले तरी वाट राहिली. वाफेच्या एंजिनास चढ सोसत नसे, म्हणून डोंगर फोडून व दरींत भराव घालून ती आधींच सपाट केलेली होती. सायकलस्वारास याहून अधिक काय हवें?

बर्गंडींतील जिव्री ते क्ल्यूनी हा ४४ किलोमीटरांचा जुना लोहमार्ग १९९७ सालीं पादचारी व सायकलस्वार यांस खुला झाला. मोटारीस तेथें मज्जाव आहे. क्ल्यूनीच्या दक्षिणेस ही वाट सुमारें १,६०० मीटरांच्या बोगद्यांतून जाते. हिवाळ्यांत वटवाघळांच्या निद्रेस्तव तो बंद ठेवतात.

ज्या मोटारीनें आगगाडीस हटविलें, तिच्याच जाचांतून सुटण्यास मनुष्य आज आगगाडीच्या वाटेचा आश्रय करतो. पराभूताचें धन विजेत्याच्या नातवंडांस असें उपयोगी पडतें. मात्र रूळांबरोबर जमीनहि तुकड्यातुकड्यांनीं विकून टाकली नसेल तरच!