नावावरून मोजलेली वस्ती

माझा एक जुना विद्यार्थी नंदुरबारहून नोकरीसाठी मुंबईला गेला. त्याचा फोन आला, "सर, भाडं ठरलं होतं. नाव सांगितलं, तर म्हणाले खोली कालच गेली." शेवटी त्याने मुंब्र्यात खोली घेतली. घरचे म्हणाले, "बरं झालं, आपल्या माणसांत राहील."

मुसलमान वेगळे राहतात की त्यांना वेगळं राहावं लागतं? भेंडीबाजार, मदनपुरा हे मोहल्ले इंग्रजांच्या काळातले. जमात, गाव, धंदा बघून माणसं शेजारी आली. मदनपुऱ्यात उत्तरेकडचे मोमीन विणकर आले. मुंब्र्याची गोष्ट निराळी. १९९२-९३च्या दंगलींत ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान, अशी श्रीकृष्ण आयोगाची नोंद आहे. त्यानंतर कित्येक कुटुंबं मिश्र वस्ती सोडून मुंब्र्यात गेली. माणसं भीतीपोटी एकवटतात आणि मग त्या वस्तीकडे नगरपालिकेचंही दुर्लक्ष होतं, हे सच्चर समितीने २००६मध्ये लिहिलं.

हे अलगपण मोजायचं गणित आहे. १९५५मध्ये अमेरिकेत डंकन दांपत्याने ते रूढ केलं. समजा, शहरात १०० मुसलमान, १०० इतर आणि दोनच वॉर्ड आहेत. पहिल्यात ८० मुसलमान, २० इतर. दुसऱ्यात याच्या उलट. अलगपणाचा निर्देशांक ६०. म्हणजे दोन्ही वॉर्डांत प्रमाण सारखं व्हायला ६० मुसलमानांना घर बदलावं लागेल.

पण आपल्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींचे आकडे वॉर्डनिहाय मिळतात, धर्माचे मिळत नाहीत. म्हणून राफाएल सुसेविंड या अभ्यासकाने मतदारयाद्यांतल्या नावांवरून धर्माचा अंदाज बांधला आणि ११ भारतीय शहरांचं अलगपण मोजलं. तो अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला.

घरमालकानेही नावच वाचलं होतं. फरक एवढाच की अभ्यासकाचा हिशेब आपल्यासमोर येतो, घरमालकाचा कुठेच नोंदला जात नाही. निर्देशांक कोण कुठे राहतो ते सांगतो. त्याआधी किती दारं बंद झाली, ते सांगत नाही.

हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडलं. एक मुलगी म्हणाली, "सर, आपलेच ६० का जातील? तिकडचे ६० इकडे आले तर?"

गणिताला दोन्ही चालतं. निर्देशांक तेवढाच येतो. तिकडचे कोणी इकडे येत का नाहीत, हे मात्र आपण कधी विचारलंच नाही.