हॅमॉकची दोरी : झाडापासून जहाजापर्यंत आणि पुन्हा झाडापाशी

१/
हॅमॉकचा इतिहास सांगणारे बहुधा कापडाचा इतिहास सांगतात. हा थ्रेड दोरीचा आहे. दोन झाडांमध्ये टांगलेली शय्या माणसाला पेलते ती दोरीच्या बळावर. कोसळते तेव्हाही दोष बहुधा दोरीपाशी, किंवा ती जिथे बांधली तिथे सापडतो.

२/
१७ ऑक्टोबर १४९२. कोलंबसाचा ताफा बहामा द्वीपसमूहात आहे. एका बेटावरील घरांविषयी तो रोजनिशीत नोंदवतो की, येथील शय्या कापसाच्या जाळ्यांसारख्या आहेत. (मूळ रोजनिशी हरवली, आपल्या हाती आहे तो बार्तोलोमे दे लास कासासने केलेला गोषवारा.) 'हमाका' हा शब्द तेथील ताइनो लोकांचा. कनू, हरिकेन, बार्बेक्यू हे शब्दही त्यांच्याच भाषेतून जगभर गेले. बोलणारा समाज मात्र पुढच्या काही दशकांत रोगराई, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांनी उद्ध्वस्त झाला. डचांनी तर 'हमाका'चे 'हांगमाट', म्हणजे 'लटकती चटई' असे घरगुती रूप केले. त्या शब्दाच्या मागे ताइनो होते, हे आता ऐकूनही कळत नाही.

३/
दोरीकडे नीट पाहिले ते गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिवृत्तकाराने. हा मनुष्य अमेरिकेत दीर्घकाळ राहिला होता. १५३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासग्रंथात हॅमॉकचे बारकाईने वर्णन आहे. मधले अंग कापसाचे. दोन्ही टोकांना काबुया आणि हेनेकेन यांच्या लांब दोऱ्या. त्या सर्व एकत्र येऊन त्यांचा एक पक्का फासा होतो. त्या फाशात आणखी एक वेगळी, जाड दोरी ओवायची आणि ती झाडाला बांधायची. या दोरीला ताइनो 'हिको' म्हणत.

४/
काबुया, हेनेकेन म्हणजे आपल्या घायपाताचे सगेसोयरे. (बांधावरचे घायपातही मूळचे अमेरिकेतलेच, हे अनेकांना ठाऊक नसते.) हा तंतू फारसा ताणला जात नाही. शय्येचे अंग मऊ कापसाचे आणि भार वाहणाऱ्या दोऱ्या चिवट वाखाच्या, ही विभागणी मला त्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. खोडावर घासून झिजते ती हिको. ती बदलता येते. झाडे दूर असोत वा जवळ, लांबी तिच्यात कमीजास्त करता येते. आजचे हॅमॉक, पट्टा आणि मधली कडी ही रचना याच तत्त्वावर उभी आहे.

५/
झाडच हवे असेही नव्हते. १५०० साली काब्रालचा पोर्तुगीज ताफा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. (हाच ताफा पुढे त्याच वर्षी कालिकतला पोहोचला.) त्यावरील लेखनिक पेरो वाझ दे कामिन्याने राजाला लिहिलेल्या पत्रात तुपी लोकांच्या घरांचे वर्णन आहे : खांबापासून खांबापर्यंत उंचावर दोरांनी बांधलेल्या जाळ्या, आणि ऊब मिळावी म्हणून खाली पेटवलेला विस्तव.

६/
मग हॅमॉक जहाजावर चढला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी आरमाराने तो स्वीकारला. पुढे प्रत्येक खलाशाच्या वाट्याला तुळईवरची १४ इंच, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर रुंदीची जागा आली. निम्मे खलाशी पहाऱ्यावर असत, म्हणून कसेबसे भागे. दिवसा गुंडाळलेले हॅमॉक जहाजाच्या काठावर रचत. लढाईत बंदुकीच्या गोळ्यांना तेवढाच अडसर. येथे टांगणीचे शास्त्रच पालटले. झाड गेले, ओकची तुळई आली. गर्दीत झोल कमी ठेवून दोर ताणावा लागे, आणि तुळईला त्या ताणाची पर्वा नव्हती.

७/
झाडाला आणि दोरीला मात्र असते. थोडे गणित. वजन ८० किलो धरा. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर ८० किलोचाच ताण येतो. कोन २० अंशांवर आला की सुमारे ११७ किलो. १० अंशांवर सुमारे २३० किलो. ५ अंशांवर जवळजवळ ४६० किलो! हॅमॉक जितका 'नीट' ताणावा, तितकी दोरी, कडी आणि खोड यांवरची ओढ वाढत जाते. झोल हा टांगणीचा दोष नव्हे. माणूस खाली पडत नाही तो त्याच्यामुळेच.

८/
विसाव्या शतकात हॅमॉक पुन्हा जंगलात शिरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने प्रशांत महासागरी आघाडीसाठी छत आणि मच्छरदाणीसह 'जंगल हॅमॉक' काढला. व्हिएतनामी सैनिकांच्या पाठीवरही हॅमॉक असे. पुढे तो सहलीचे साहित्य झाला, आणि त्याबरोबर बारीक नायलॉनची दोरी आली. झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते. त्याला लागूनच खोड जाड करणारा कॅम्बियमचा नाजूक थर असतो. बारीक दोरी मोठ्या ताणाने तिथे रुतते. द्राक्षबागायतदार गर्डलिंग करतात तेव्हा सालीचे बारीक कडेच काढतात, पण मोजून आणि हेतुपूर्वक. दोरी विसरून झाडावरच राहिली, तर वाढत्या बुंध्याला तिचा फास बसतो आणि झाड हळूहळू मरू शकते.

९/
म्हणून रुंद पट्टा. निदान एक इंच रुंदीचा, पॉलिएस्टरचा. नायलॉन ओला झाला की अधिक ताणला जातो आणि रात्रीत माणूस जमिनीला टेकतो. पट्टा खोडाभोवती घेऊन त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या फाशातून ओवायचे, आणि हॅमॉक कॅरॅबिनरने त्यात अडकवायचा. कॅरॅबिनर वजन पेलण्यासाठी बनवलेला हवा. किल्ल्यांच्या जुडग्याचा शोभेचा आकडा येथे चालत नाही.

१०/
झाडाची परीक्षा त्याआधी. खोड जिवंत, निरोगी आणि निदान सहा इंच व्यासाचे असावे. वर मान करून पाहावे : वाळकी फांदी लोंबते आहे का? बुंध्यावर अळंबी उगवली आहे का? पोकळ आवाज येतो का? वठलेल्या झाडाला कधीच बांधू नये. विटांच्या खांबाला तर मुळीच नाही. विटांचे बांधकाम वरून येणारा भार पेलते. आडव्या ओढीपुढे ते टिकत नाही. २०२० साली अमेरिकेतील ओहायो राज्यात असाच एक खांब हॅमॉकवर कोसळून दोन मुलींचा जीव गेला. तुपींच्या घरांतले लाकडी खांब आणि हौसेने उभारलेला विटांचा खांब दिसायला दोन्ही 'खांब'च, पण ओढ सोसण्याच्या बाबतीत त्यांची तुलनाच होत नाही.

११/
पहिल्यांदा बसताना हॅमॉक गुडघ्याच्या किंवा फार तर कंबरेच्या उंचीवर ठेवावा. आधी हातांनी भार द्यावा, मग हळूच बसावे. उडी मारून नव्हे.

१२/
शेवटी एक घरचे दृश्य. उसाच्या फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीवरून टाकलेली लुगड्याची झोळी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचा ताइनोंशी काही संबंध नाही. ती आपली स्वतंत्र परंपरा. पण फांदीवर टेकतो तो कापडाचा रुंद पदर, बारीक सुतळी नव्हे, आणि झोळीला झोल भरपूर. बाळ आत ठेवण्यापूर्वी आई गाठीखाली दोन्ही हातांनी एकदा जोर देऊन पाहते, फांदीकडे एक नजर टाकते, आणि मग कोयता उचलून कामाला लागते.