मॉरिस चँग : चिपनिर्मितीची घडी बदलणारा कारखानदार

ज्या वयात बहुतेक अधिकारी निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या पंचावन्नाव्या वर्षी मॉरिस चँग यांनी तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी अर्थात 'टीएसएमसी'ची स्थापना केली. संगणक आणि मोबाइलच्या विश्वाचा पाया ठरलेल्या या कंपनीमागे अपयशांची मोठी मालिका आहे.

चँग यांचा जन्म १९३१ मध्ये चीनमधील निंगबो येथे झाला. युद्धामुळे कुटुंबाची सतत फरफट झाली. १९४९ मध्ये ते अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि वर्षभरातच 'एमआयटी'त दाखल झाले. तेथे यांत्रिकी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी मिळाली, मात्र पीएच.डी.च्या पात्रता परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले. नोकरी शोधताना फोर्डने ४७९, तर सिल्व्हेनियाने ४८० डॉलर मासिक वेतन देऊ केले. फोर्डने वेतन वाढविण्यास नकार दिला आणि १९५५ मध्ये चँग सिल्व्हेनियाच्या सेमिकंडक्टर विभागात रुजू झाले.

१९५८ मध्ये ते टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये आले. आयबीएमसाठीच्या ट्रान्झिस्टरच्या उत्पादनात निर्दोष नगांचे प्रमाण जवळपास शून्य होते; चँग यांनी ते वीस टक्क्यांपलीकडे नेले. खूश झालेल्या कंपनीने त्यांना स्वखर्चाने स्टॅनफर्डला पाठविले आणि १९६४ मध्ये हुकलेली पीएच.डी. पदरात पडली. १९७२ मध्ये संपूर्ण सेमिकंडक्टर व्यवसाय त्यांच्या हाती आला. पुढे मात्र ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विभागात बदली झाली, तेथे यश हुलकावणी देत राहिले आणि १९८३ मध्ये त्यांनी कंपनी सोडली.

१९८५ मध्ये तैवान सरकारने त्यांना औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे अध्यक्षपद दिले. चिपच्या आरेखनात किंवा विक्रीत तैवान बलाढ्य कंपन्यांशी स्पर्धा करू शकत नव्हता. त्यामुळे स्वतःची चिप न काढता केवळ इतरांच्या आरेखनानुसार उत्पादन करण्याचा मार्ग चँग यांनी निवडला. ग्राहकांशी स्पर्धा करायची नाही, हेच या व्यवसायाचे सूत्र होते. इंटेल आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने गुंतवणुकीस नकार दिला, फिलिप्सने २७.५ टक्के भांडवल घेतले, तर जवळपास निम्मा वाटा सरकारने उचलला. १९८७ मध्ये कंपनी उभी राहिली. स्वतःचा कारखाना उभारण्याची ऐपत नसलेल्या एनव्हिडियासारख्या नवोदितांना त्यामुळे दारे खुली झाली.

२००५ मध्ये चँग यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले. परंतु मंदीत कर्मचारी कपातीवरून असंतोष उफाळताच २००९ मध्ये, ७७व्या वर्षी ते परतले. काढलेल्यांना पुन्हा बोलावले आणि मंदी असतानाच भांडवली खर्च वाढविला. २०१४ पासून आयफोनच्या चिपचे काम मिळाले, ही त्या धाडसाची पावती होती. २०१८ मध्ये ते निवृत्त झाले.

आज जगातील सर्वांत प्रगत चिपसाठी अमेरिकेलाही तैवानकडे पाहावे लागते. हे चँग यांचे यश खरेच. पण एका छोट्या बेटावरील हे अवलंबित्व जगाला धास्तावून सोडणारेही आहे.