टोमॅटो सँडविच: मेयोनीज, मीठ आणि टोमॅटो, एवढ्यासाठी लोक वर्षभर का थांबतात?

पांढरा मऊ ब्रेड, मेयोनीज, टोमॅटोच्या जाड चकत्या, मीठ, मिरपूड. संपलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात खाल्लं जाणारं टोमॅटो सँडविच एवढंच असतं. मुंबईच्या व्हेज सँडविचमध्ये टोमॅटो फिका निघाला तरी हिरवी चटणी सांभाळून घेते. इथे तशी सोय नाही.

आता सुपरमार्केटमध्ये टोमॅटो बारा महिने मिळतो, मग उन्हाळ्याची वाट कशाला बघायची? कारण लांब पाठवायचा टोमॅटो बरेचदा हिरवा असतानाच तोडतात आणि नंतर इथिलीन वायू देऊन पिकवतात. रंग येतो, चव मागे राहते. त्यात थंडीची भर. साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवलेल्या टोमॅटोत सुगंध देणारी द्रव्यं घटतात, हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं. गोची बियाण्यातही आहे. फळं एकसारखी पिकावीत म्हणून पैदासकारांनी अनेक दशकं एक ठरावीक जनुकीय बदल निवडला. 2012 साली उलगडा झाला की, त्या बदलामुळे फळात साखर वाढवायला मदत करणारं जनुकच निकामी झालं होतं. थोडक्यात, दिसायला देखणा आणि खायला पाणी. परसातल्या वेलावर पिकलेल्या टोमॅटोची किंमत इथे कळते.

मेयोनीजचं काम फक्त चवीचं नाही. मीठ लागलं की टोमॅटो पाणी सोडतो, आणि मेयोनीजमधलं तेल ब्रेडला लगेच भिजू देत नाही. म्हणून ते दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लावतात. कोणत्या कंपनीचं लावायचं यावर मात्र घरोघरी वाद! दक्षिणेत ‘ड्यूक्स’चे चाहते बरेच. यूजिनिया ड्यूक 1917 च्या सुमारास दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलजवळ सैनिकांना सँडविच विकायच्या, त्यातूनच हा ब्रँड उभा राहिला. त्यात साखर नसते, त्यामुळे टोमॅटोचा आंबटगोडपणा झाकला जात नाही.

हे सँडविच डब्यात नेण्यासारखं नाही. रस कोपरापर्यंत ओघळतो, म्हणून अनेक जण ते सिंकपाशी उभं राहूनच खातात. घरी करून बघायचं असेल तर पिकलेला, वास येणारा टोमॅटो घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका आणि मीठ अगदी शेवटी घाला. अंड्याविना मेयोनीजही चालतं.